थोरलीचा ग्लास

२ जून

धाकटे,

"प्रिय" लिहायला गेले आणि पेन अडलं, म्हणून नुसतंच धाकटे. आशीर्वादही देणार होते, थोरलीनं द्यायचा असतो म्हणून. पण माझ्या आशीर्वादावाचून तुझं काही अडलेलं दिसत नाही.

तुझा पत्ता मला कुणी दिला नाही. एका वेटरच्या खिशात सापडला. मी अजून तिथेच आहे, हॉटेलच्या लिनन रूममध्ये, त्याच टेबलामागे, धुवायला आलेल्या जॅकेटांचे खिसे उलटे करत. खिशांतून काय काय निघतं तुला माहीतच आहे. टूथपिक, अर्धवट चॉकलेट, कुणाच्या तरी कानातलं. मंगळवारी एक गुळगुळीत कागद निघाला. वर मोठ्या अक्षरांत, "नावं ठेवू या! वाइन शिकण्याची हसतखेळत संध्याकाळ." खाली बारीक अक्षरांत, "वाइनची पुस्तकी भाषा विसरा. प्रत्येक ग्लासात एक नातेवाईक ओळखा." आणि त्याखाली पत्ता आणि तुझा फोटो. केस कापलेस. शोभतात. पण हे मी रागात लिहितेय, कौतुक समजू नकोस.

मी स्टुलावर बसून तो कागद दोनदा वाचला. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "काय हो, कुणी गेलं का?" म्हटलं, गेलं नाही, वर चढलंय.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. अगं, तो खेळ आपला होता ना? आपला म्हणजे दोघींचा. नावं निम्मी माझी, नियम माझे, बाटल्या आणल्या त्या मी, जीव मुठीत धरून. आता आयत्या बिळावर नागोबा होऊन तू लोकांच्या टाळ्या घेतेस.

घे. मला त्यातलं काही नको. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला एवढंच हवंय की त्या तुझ्या संध्याकाळी एकदा, एका वाक्यात, तू म्हणावंस, "हा खेळ मी आणि माझी थोरली जाऊ खेळायचो." बस. कागदावर छापू नकोस, नुसतं तोंडानं म्हण. त्या घरात मी इतकी वर्षं काढली, त्यात माझं स्वतःचं असं तेवढंच एक होतं.

तुझी थोरली जाऊ
(हे नातं कागदोपत्री संपलं असेल तर तसं कळव.)


१९ जून

धाकटे,

उत्तर नाही. असो. दर आठवड्याला नातेवाईक ओतायचे म्हणजे सवड कुठून मिळणार?

मग मीच आठवण करून देते. नाहीतर उद्या तूही खरं मानायला लागशील की हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यातून निघालं.

मोठी पार्टी संपली की आमचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, उरलेल्या बाटल्या मला द्यायचा. तळाला चार घोट, कधी पाव बाटली. "बाई, मोरीतच जाणार आहे, तुम्ही न्या," म्हणायचा. पांढऱ्या वाइनच्या बाटल्या बर्फाच्या बादलीत बसून बसून लेबल सोडायच्या. तांबडी तर मी खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतच भरून आणायचे, मळक्या नॅपकिनांच्या पिशवीत खाली दडवून. त्यामुळे आपल्या घरी येणारी प्रत्येक वाइन बिननावाची. तू विचारलंस, "वहिनी, हिला हाक काय मारायची?" आणि मी म्हणाले, "ठेवू या की नाव! नावं ठेवण्यात या घराचा हात कोण धरणार?" बघ. तुझ्या कागदाच्या डोक्यावर जे छापलंय ते वाक्य कुणाचं?

रविवारची दुपार असायची. घर जेवून आडवं झालेलं. सासूबाईंच्या खोलीतला पंखा कुरकुरायचा, तो थांबला की आपले ग्लास ओट्याखाली. तू वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलंस. त्यात लिहिलेलं, घोट तोंडात घोळवा आणि थुंका. तू हसून हसून खालीच बसलीस. "अहो वहिनी, दिवसभर मी दुसरं काय सांगते लोकांना? चूळ भरा, थुंका!" दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर होतीस तेव्हा तू. चारचौघांत मी तुला "वहिनी, तुम्ही". पहिली चूळ भरली की "वहिनी, तू". "वहिनी, तू हास ना ग, इथे कोण बघतंय?" त्या घरात मला "तू हास" म्हणणारी तू पहिली.

पुस्तक म्हणत होतं, काळ्या बेरीचा वास, जुन्या चामड्याचा वास. आपण दोघींनी नाकं बुडेपर्यंत ग्लासात घातली. मला नॅपकिनांच्या पिशवीचा वास आला, तुला लवंगेचा. तिथून पहिला नियम निघाला. पुस्तकातलं बोलायचं नाही, बोलेल तिनं ग्लास धुवायचे. लवंगेच्या वासाची ती वाइन तुझा दातांचा डॉक्टर झाली. तुझं पहिलं नाव. मग माझं पहिलं. ती काळपट तांबडी, घोट घेतला की जीभ टाळूला चिकटायची. मी म्हटलं, ह्या सासूबाई. तोंडातला सगळा ओलावा काढून घेतात आणि वर विचारतात, पाणी देऊ का ग? तुझ्या नाकातून वाइन आली होती.

फसफसणारी गोड ती वन्सं. येताना घर दणाणून सोडायच्या, तासाभरानं नुसती साखर उरायची. गुलाबी ते आमचे हे. धड लाल नाही, धड पांढरी नाही, आईसमोर एक आणि बायकोसमोर दुसरी. आणि भावजी. तुझा नवरा होता तेव्हा तो, म्हणून नाव मी ठेवायला धजत नव्हते, तूच ठेवलंस. पाण्यासारखी नितळ, फुलांचा वास, आणि तोंडात घेतली की कुणीच नाही. "दिसायला देखणी, नाकाला गोड, घरात असून नसल्यासारखी," म्हणालीस. आपण दोघी हसलो. मग तू ओट्याकडे वळून ग्लास धुवायला लागलीस. धुवायची पाळी माझी होती.

शेवटचा नियम मात्र तुझा. समोर बसलेल्याला नाव ठेवायचं नाही. मी विचारलं, का? म्हणालीस, "आपण दोघीच तर आहोत. आपणच एकमेकींना नावं ठेवली तर प्यायची कुणाबरोबर?"

आणि ते व्हिनेगर! पांढरी वाइन आपण व्हिनेगरच्या बाटलीत भरून कपाटात ठेवली आणि सासूबाईंनी ती कांद्यावर ओतली. जेवताना म्हणाल्या, "आज कांदा खाऊन बघा! झकास झालाय." तू ठसका लागल्याचं सोंग करून बाहेर पळालीस, मी मात्र आमटी वाढत उभी. अजून अधूनमधून म्हणतात, धाकटी होती तेव्हा कांदा चांगला व्हायचा. काय सांगणार?

लिही. चार ओळी लिही.

वहिनी


८ जुलै

धाकटे,

पुन्हा नाही. म्हणजे टपाल हरवत नाही, माणूस हरवलंय.

मग ऐक. इतके दिवस पोटात ठेवलं ते सांगते. तू गेलीस त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. घरी आले तर तुझं कपाट उघडं आणि सासूबाई भांडी आपटत. भावजींचं बाहेर जे चाललं होतं ते कळल्यावर तू गेलीस, शहाणपणा केलास. मी असते तर तुझी बॅग रिक्षात नेऊन ठेवली असती. पण मला वाट बघावी असं तुला वाटलं नाही. बरं, संतापात माणूस थांबत नाही, समजले. चार दिवसांनी भावजी मला म्हणाले, "तिनं सांगितलंय, त्या घरातल्या कुणाचाही फोन मला नको." मी तरी लावला. लागेना. माझा नंबरही तू बंद करून टाकला होतास.

त्या घरातलं कुणीही!

अगं, मी कधी झाले ग त्या घरातली? मीसुद्धा तुझ्यासारखीच बाहेरून आलेली, फक्त आधीच्या गाडीनं. चहात साखर किती, हे त्यांना अजून सांगावं लागतं मला. त्या घरात माझं माणूस कोण होतं? तू होतीस. तू मला त्यांच्या ओळीत उभं केलंस, वन्संच्या शेजारी, आणि सगळ्यांना मिळून एकच शिक्षा दिलीस.

आणि मला माहीत आहे तुला काय वाटतं. तुला वाटतं, वहिनीला आधीपासून ठाऊक होतं. नव्हतं ग. आईशपथ नव्हतं. तू विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं. तू विचारलंच नाहीस.

तू गेल्यावर कॅप्टन बाटल्या द्यायचा, मी नको म्हणायला लागले. एकदा आणली, रविवारी दुपारी ग्लासात ओतली, आणि बघत बसले. बोलायचं कुणाशी? ओतून दिली मोरीत. कॅप्टनचं म्हणणं खरं झालं.

कुणाचीच कुणी नाही


२१ जुलै

धाकटे,

मागचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. रागात होते. आताही आहे, पण आज बातमी आहे.

आमचा कॅप्टन तुझ्या संध्याकाळी येऊन गेला. मी पाठवला नाही हं. तो कागद ज्या वेटरच्या खिशात होता, त्यानंच त्याला ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी लिनन रूमच्या दारात उभा राहून म्हातारा हसतोय नुसता. "बाई, काय बाई आहे हो ती! सासूबाईंचा ग्लास आला आणि माझ्या शेजारचा माणूस खुर्चीवरून पडायचा राहिला." म्हटलं, असं? कशा असतात सासूबाई? तर म्हणे, तोंडातला ओलावा काढून घेतात आणि वर विचारतात, पाणी देऊ का ग.

शब्दसुद्धा बदलला नाहीस. तो "ग"सुद्धा माझाच.

मी टेबलक्लॉथ मोजत राहिले आणि चुकले. त्याला काय सांगू, की बाबा, हसतोयस ते माझं आहे? त्याला वाटलं असतं, म्हातारपणी बाईच्या नाकाला मिरच्या झोंबतात. मी एवढंच विचारलं, "आणि थोरली जाऊ कशी असते?" तो डोकं खाजवायला लागला. त्याची शिफ्ट होती, पाचव्या ग्लासानंतर उठला. कागदावर तर सात लिहिलेत. म्हणजे अजून दोन राहिले.

त्या दोनांत मी असणार. असणारच. शेवटी ठेवलं असशील मला, नाव मोठं असेल किंवा शिवी मोठी असेल म्हणून. मी सगळा विचार करून ठेवलाय. आंबट म्हणशील. बुरशी लागलेल्या बुचाची म्हणशील, बाहेरून लेबल झकास आणि आत ओल्या पोतेऱ्याचा वास. म्हण. लोक हसतील, मीही हसेन. खेळ आहे. फक्त मला ते माझ्या कानांनी ऐकायचंय.

पुढच्या शनिवारी येतेय. घरी सांगितलंय, हॉटेलात मोठी पार्टी आहे. बघ, पुन्हा तुझ्यापायी खोटं बोलले.

वहिनी


३ ऑगस्ट

धाकटे,

आले होते. तुला माहीत आहे आले होते.

फर्निचरच्या दुकानाच्या वर हॉल, लांब टेबल, ग्लासांच्या रांगा. टेबलक्लॉथ उलटा अंथरला होतास, शिवण वर. माझ्या बाजूचा कोपरा मी खाली दुमडला, हाताला राहवत नाही. मी मागे बसले, खांबाशेजारी. तू आत आलीस, सगळ्यांना हसून नमस्कार केलास, आणि नजर फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आलीस. हातातली बाटली जरा खाली आली तुझी. मग पुढे सरकलीस. मला वाटलं, गोंधळलीय. सावरू दे तिला.

"चूळ भरा!" म्हणालीस, आणि सगळे हसले. खरं सांगू? मीही हसले. चांगलं करतेस ग. फार चांगलं करतेस. दातांचा डॉक्टर, सासूबाई, वन्सं, गुलाबी. माझा नवरा लोकांनी घोटाघोटानं प्यायला आणि म्हणाले, अगदी बरोबर, असाच एक आमच्याकडे आहे! मग पाचवी आली, भावजींची. तू बाटली घेऊन टेबलाच्या कडेकडेनं मागे आलीस आणि माझ्यासमोर उभी राहिलीस. तोच साबणाचा वास. "मागच्या ताई, तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हाला या ग्लासात कोण दिसतंय?"

ताई. तुम्ही.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "देखणा आहे. पण घरात असून नसल्यासारखा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू म्हणालीस, "वा! ताई पटकन शिकल्या."

मी पटकन शिकले! अगं, ओट्याखाली ग्लास कुणी लपवले? ती पिशवी हॉटेलच्या फाटकातून कुणी आणली? मी पटकन शिकले! तरी बसून राहिले. दोन ग्लास बाकी होते.

सहाव्यात निघाले सासरे, मला कधी न दिसलेले, भिंतीवरच्या फोटोतले. बिचारे, जुनी वाइन. आता एकच राहिला. मी खुर्ची जरा पुढे ओढली. तू ओतलीस, ग्लास वर धरलास आणि म्हणालीस, "ही शेवटची. धाकटी सून. बाटलीत कोंडली तर आंबते. बूच काढा, वारा लागू द्या, मग बघा." सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मीही उभी राहिले, नाहीतर दिसलं असतं.

मी तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण पहिल्या रांगेतल्या त्या चष्मेवाल्या बाईंनी हात वर केला. "अहो, धाकटी म्हणजे थोरली असणारच की! ती कुठली वाइन?"

तू माझ्याकडे बघितलंस. सरळ, पापणी न हलवता. मी मान जराशी हलवली. सांग म्हटलं. काय वाटेल ते सांग.

"थोरली?" तू म्हणालीस. "ती पीत नव्हती."

सगळे हसले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "प्रत्येक घरात असते एक बिचारी!" आणि तू रिकाम्या बाटल्या गोळा करायला लागलीस.

माझ्यासमोरचा शेवटचा ग्लास तसाच भरलेला होता. तो मी तसाच ठेवून आले. पीत नाही ना मी.

बसमध्ये सगळ्या बाजूंनी विचार केला. माझी अब्रू राखलीस का तू? घरी कळेल, हॉटेलात कळेल, वहिनीवर बालंट येईल म्हणून? तसं असेल तर मोठे उपकार झाले. पण मी मान हलवली होती ग. तू बघितलीस. अब्रू माझी आहे, ती सांडायची की राखायची हे मी ठरवणार. आणि तुला अब्रूची एवढी काळजी, तर सासूबाईंना आणि वन्संना दर शनिवारी कशी ओततेस?

का नियम पाळलास? समोर बसलेल्याला नाव ठेवायचं नाही, म्हणून? याआधीच्या सगळ्या शनिवारी मी कुठे बसले होते समोर? तेव्हाही थोरलीचा ग्लास नव्हताच. मी दारातल्या मुलीला विचारलं जाताना. म्हणाली, "नाही हो, सातच असतात, पहिल्यापासून हेच सात."

म्हणजे हिशोब असा झाला. संबंध तोडताना मी त्या घरातली. आणि त्या घराच्या बाटल्या मांडताना मी कुणीच नाही. दोन्हीकडून मलाच उणं केलंस. एका बाजूनं तरी धरायचंस.

घरी आले. सासूबाईंनी विचारलं, "झाली का पार्टी?" म्हटलं, झाली. "काय होतं?" म्हटलं, उरलंसुरलं. त्यांना कांदा चिरून दिला, व्हिनेगर घातलं, खरं व्हिनेगर. त्यांनी एक फोड खाल्ली आणि ताट सरकवलं. त्या बाईशी माझं कधी पटलं नाही, पण त्या क्षणी वाटलं, या घरात तू गेल्याचं अजून कळतंय ते आम्हा दोघींनाच.

हे शेवटचं पत्र. आता मागणी बदलते. एका वाक्यात माझं नाव घे म्हटलं होतं, ते राहू दे. त्याला माया लागते.

मी तुला कुठली वाइन समजत होते ते तुला कधी सांगितलं नाही. आजही सांगत नाही. कारण माझ्या ओट्यासमोर तू अजून बसलेली आहेस, रविवारी दुपारी, पाय दुमडून, आणि नियम म्हणजे नियम. पण तुझ्यासमोरून मी केव्हाच उठलेय. म्हणजे मला नियम लागू नाही. मग तुला अडवतंय कोण? पुढच्या शनिवारी आठवा ग्लास मांड. त्यात काहीही ओत. आंबलेली ओत, बुरशीची ओत, मोरीत टाकायची राहिलेली ओत, आणि लोकांना सांग, ही आमची थोरली. मनसोक्त हसव त्यांना. मी येणार नाही ऐकायला. नाव ठेव, नाहीतर नावं ठेव. पण मी नव्हतेच असं म्हणू नकोस ग.

खाली सही करत नाही. ती जागा तू ठेवशील त्या नावासाठी सोडलीय.